एक्क्याऐंशी टक्के

चौकट हिरवी झाली आणि माझ्या तोंडून ‘अगं ब्रॉन, हे बघ’ असं निघून गेलं. नुसतं निघून नाही गेलं, मी मान वळवून ओट्याकडे बघितलंसुद्धा. ओट्याशी कोण असणार? कालची एक बशी, एक काटा, एक कप. ब्रॉनला जाऊन महिना व्हायला आला आणि मी गाढव अजून तिला हाका मारतोय. लॅपटॉपच्या पडद्यावर मात्र ती चौकट हिरवीगार, कोवळ्या वाटाण्यासारखी, आणि तिच्यात आकडा: एक्क्याऐंशी. आठ वर्षं आम्ही दोघं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, ती कामावर निघायच्या आधी, ह्याच टेबलाशी बसून तो आकडा काढत आलो. फार काही गहन नाही त्यात. महिन्यात हातात आलेल्या दर शंभर डॉलरांतले न खर्चता किती उरले, तो आमचा टक्का. टक्का चढला की नोकरी सोडायचं वर्ष अलीकडे सरकतं, उतरला की पलीकडे. सत्तर ओलांडले तर चौकट आपोआप हिरवी व्हावी अशी सोय ब्रॉनने पहिल्याच दिवशी करून ठेवली होती. "हिरवी झाली ना, की तुला काय हवं ते मागून घे," म्हणाली होती. मी काय मागणार ते तिला ठाऊक होतं, म्हणून हसलीही होती. आठ वर्षांत चौकट एकदाही हिरवी झाली नाही. अडुसष्ट ही आमची सगळ्यात उंच उडी, तीही फ्रिज बिघडल्यावर नवीन न घेता बर्फाच्या पेटीवर उन्हाळा काढला त्या महिन्यातली. मला तर वाटायला लागलं होतं की हिरवं-बिरवं काही नसतंच, बाईने उगाच मला आशेला लावून ठेवलंय. पण होतं. खरंच होतं. इतकी वर्षं ते तिथेच होतं आणि आज बघायला मी एकटा.

पहिल्यांदा वाटलं, चुकलं काहीतरी. मी दातांच्या कवळ्या आणि कॅप बनवणारा माणूस. केसाएवढं अंतर राहिलं तरी पेशंटला चावता येत नाही, त्यामुळे तपासून बघायची खोड हाडात मुरलेली. परत एकेक ओळ बघत गेलो. किराणा जवळजवळ नाहीच. नसणारच, सगळा महिना शेजारच्या स्टाव्हरूलाबाई कुंपणावरून डबे देत होत्या. लिंबू-अंड्याचं सूप, भात भरलेल्या ढोबळ्या मिरच्या, चांदीच्या कागदात गुंडाळलेलं काहीबाही. "खा रे, खा, हाडं दिसायला लागलीत," म्हणायच्या, आणि डबा परत द्यायला जावं तर दुसरा भरलेला तयार. कामावरच्या लोकांनी लझानियाचं एवढं मोठं भांडं आणून दिलं, ते अजून फ्रीजरमध्ये पडलंय. वीज नाही, कारण घर दिवसभर बंद, हीटर लावायला कोण होतं? हॉस्पिटल सरकारी, तिथे एक पैसा नाही. अंत्यसंस्काराची तर ओळच नव्हती. ब्रॉनने देहदान केलं होतं, डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांसाठी. कागदावर सही करताना मला डोळा मारून म्हणाली, "फुकट नेतात, गाडीसुद्धा त्यांचीच. एवढ्या स्वस्तात कोणी गेलं नसेल आपल्या खानदानात." नर्स बिचारी कुठे बघावं ते न कळून पडदा सारखा करत बसली. ही झाली खर्चाची बाजू. जमेच्या बाजूला ब्रॉनच्या शिल्लक सुट्ट्या. वृद्धनिवासाच्या स्वयंपाकघरात एवढी वर्षं राबली, पण सुट्टी म्हणून घ्यायची नाही, साठवायची. "नोकरी सोडताना सगळ्यांचे एकदम पैसे देतात, तेव्हा बघ टक्का कसा उडी मारतो ते," म्हणायची. दिले की त्यांनी. प्रामाणिकपणे, अगदी अर्ध्या दिवसाचेसुद्धा दिले. सगळं बरोबर होतं, कुठेच चूक नव्हती. मग मी टेबलावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडलो.

त्या हिरव्या चौकटीच्या खालच्या चौकटीत ‘अजून किती वर्षं’ असं असायचं. तिकडे बघायचं मी टाळत होतो, कारण ते मला न बघताही कळत होतं. आम्ही साठवत होतो ते दोघांच्या जेवणाखाण्यापुरतं, दोघांच्या म्हातारपणापुरतं. आता एकच माणूस उरला, म्हणजे लागणार निम्मं. आणि तिच्या निवृत्तीच्या फंडातच विमा असतो, तो मिळाला, म्हणजे साठलेलं वाढलं. उद्या सकाळी मालकाला नमस्कार करून घरी बसलो तरी मला कोणी विचारणार नाही. पोचलो होतो मी. ज्या गावाला जायला दोघं निघालो होतो तिथे मी पोचलो होतो आणि मला तिथे कोणाचं तोंड बघायची इच्छा नव्हती.

दुपारच्या मंडळाला जाऊ नये असं वाटत होतं, आणि तरी मी सायकलच्या चाकांत हवा भरली. महिन्याच्या पहिल्या रविवारी नदीकाठच्या बागेत आमच्यासारखी, लवकर सुटायची घाई असलेली मंडळी जमतात. घरून आणलेलं खातात, टक्के सांगतात. मागच्या दोन खेपा मी चुकवल्या होत्या आणि कोणाला काही कळवलं नव्हतं. कळवायचं म्हणजे काय लिहायचं? ब्रॉन तिथे येतच नसे. रविवारी कामाला दुप्पट पगार मिळतो, तो सोडून बागेत सँडविच खायला येणाऱ्यातली ती नव्हती. "तुझ्या त्या टोळीत तू जा, टाळ्या घे. मी इकडे डबल कमावते. खरं काम कोण करतं ते आकड्याला माहीत आहे," असं म्हणून केसांवर जाळी चढवायची. मंडळातल्या लोकांनी तिला कधीतरी नाताळात बघितली असेल तेवढीच. म्हणजे त्या बागेत ब्रॉन नसणं ही रोजचीच गोष्ट. घरात ती नव्हती, अंथरुणात नव्हती, दुकानाच्या रांगेत नव्हती, आणि प्रत्येक ठिकाणी तिचं नसणं मला टोचत होतं. ती नसली तरी काहीच बिघडलेलं नाही, फक्त कामावर गेली आहे, अशी जागा जगात एकच उरली होती. मला तिथे जायचं होतं.

नदीच्या कडेने वाऱ्याविरुद्ध सायकल मारताना घाम यायच्या ऐवजी डोळ्यांतून पाणी येत होतं, थंडीचं म्हणा हवं तर. मे लागला की ॲडलेडमध्ये हिवाळा तोंडावर येतो, हे असंच. हे टक्क्यांचं खूळ मी आणलं असं सगळ्यांना वाटतं, कारण मी जरा चिकट दिसतो. खरं म्हणजे आणलं तिने. एके दिवशी कामावरून आली आणि बूटही न काढता माझ्यासमोर बसली. तिच्या त्या निवासात जन्मभर आखातात मासेमारी केलेले दोघं-तिघं म्हातारे होते. त्यांना मासा मिक्सरमधून काढून, लापशी करून द्यावा लागायचा. त्या दिवशी त्यातला एकजण तो घास तोंडात धरून रडायला लागला होता, आणि ब्रॉन त्याचं तोंड पुसून आली होती. "लीथ, मला माझे दात असेपर्यंत खेकडे खायचेत," ती म्हणाली. "तू दातांचा माणूस, तुला तरी हे कळायला हवं." तिचं माहेर आखाताच्या काठचं. लांबच लांब लाकडी धक्का, त्याच्या टोकाला बसून जाळं सोडायचं, निळ्या नांग्यांचे खेकडे वर ओढायचे, समुद्राच्याच पाण्यात उकडायचे. पन्नाशीच्या आत तिला तिथे जाऊन बसायचं होतं. काही करायचं नव्हतं, बसायचं होतं. लोक म्हणतात, पैसे वाचवता वाचवता जगायचं राहून गेलं. स्मशानात बोलायला बरं असतं ते. माझा असल्या बोलण्यावर राग आहे. ब्रॉन ह्या आठ वर्षांत रोज जगत होती, मी बघितलंय. शिळ्या पावाचं पुडिंग करताना गाणी म्हणायची, अर्ध्या किमतीची कोंबडी मिळाली तर दारातूनच आरोळी ठोकायची. ह्या खेळात तिला माझ्यापेक्षा जास्त मजा येत होती. मला फक्त एक गोष्ट हवी होती, आणि तीच मी चौकट हिरवी झाल्यावर मागणार होतो. मला तिचा एक रविवार हवा होता.

बागेत कौन्सिलची विजेची शेगडी आहे, बटण दाबायचं, फुकट तापते. तिच्यावर ग्लेनिस सॉसेज उलटत होती. ग्लेनिस पूर्वी शाळाशाळांतून पोरांचे दात तपासत फिरायची, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नोकरीला रामराम ठोकून मोकळी झाली, आता साठीला टेकली आहे. मंडळ तिनेच काढलं, म्हणून ती आम्हा सगळ्यांची मोठी बहीण आणि हवालदार.

"आले परागंदा!" तिने चिमटा हवेत धरून आरडाओरडा केला. "अरे, आम्हाला वाटलं तुला लॉटरी लागली आणि तू आम्हाला टाकलंस."

"लॉटरी लागायला तिकीट काढावं लागतं," तुआन म्हणाला. हा भाजीबाजारात हिशेबनीस आहे, जिभेला हाड नाही, मनाने लोणी. "हा माणूस तिकिटाला पैसे घालेल? वाळलास रे, लीथ. जेवणावर पण बचत सुरू केलीस का काय?"

"ब्रॉन कुठाय? नेहमीप्रमाणे डबल पगारावर?" ग्लेनिसने विचारलं.

"हं," मी म्हटलं. "कामावर आहे."

म्हटलं आणि छातीतलं काहीतरी सैल झालं. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. माझ्या एका शब्दाने ब्रॉन शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या पातेल्यासमोर उभी राहिली, केसांवर जाळी, कपाळावर वाफ, आणि संध्याकाळी पाय दुखताहेत म्हणून कुरकुरत घरी येणार होती. ग्लेनिसने मला पावात सॉसेज घालून दिलं, वर परतलेला कांदा. मी ते दोन घासांत संपवलं. महिन्याभरात पहिल्यांदा मला चव लागली.

एक नवीन मुलगी आली होती, इमोजेन, तिशीची, पोरांना पोहायला शिकवणारी. केस अजून ओलेच. मोटारीची किल्ली मुठीत धरून बसली होती, कुठेतरी जायची घाई असल्यासारखी. आमच्याकडे रीत अशी की कोणी किती कमावतो हे विचारायचं नाही, नुसता टक्का सांगायचा. तुआनने चौपन्न सांगितले आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. इमोजेनची पाळी आली तेव्हा ती लाल झाली.

"बावीस," ती म्हणाली. "चाळीसवरून बावीसवर आले. हसू नका हं. बाबा हॉस्पिटलात आहेत, टेकडीवरच्या त्या मोठ्या. हृदयाचं दुखणं. मी सकाळी जाते, संध्याकाळी जाते, आणि दर वेळी गाडी लावायचे पैसे. बाबांना बघायला जाते की त्या पार्किंगवाल्यांना पोसायला जाते, तेच कळत नाही मला."

सगळे ‘च्‌ च्‌’ करून हळहळले. कोणी म्हणालं, लुटारू मेले. मी पावाचा कागद घडी करत बसलो, घडीवर घडी.

तिथली ती दराची पाटी मला पाठ आहे. आत मात्र मी एकदाही गाडी लावली नाही. ब्रॉनला पहिल्यांदा तपासायला नेलं त्या दिवशी पाटी वाचून ती ताठ झाली. "तासाला एवढे? इथे आजारी माणसं येतात का जमीनदार? काढ गाडी बाहेर." पोटात कळा येत होत्या आणि ही बाई मला गल्लीबोळांतून फिरवत होती, डावीकडे घे, इथे नको, पुढे चल, आणि शेवटी टेकडीच्या मागच्या अंगाला एका जॅकरांडाच्या झाडाखाली तिला जागा सापडली. ना पाटी, ना मीटर. दुखणं विसरून तिने माझ्या मांडीवर थाप मारली. त्यानंतर तेच ठरून गेलं. तिला दारात सोडायचं, गाडी जॅकरांडाखाली नेऊन लावायची आणि चढ चढून परत यायचं. पुढे तिला ठेवूनच घेतलं, तेव्हाही मी खोलीत शिरलो की पहिला प्रश्न, "कुठे लावलीस?" "जॅकरांडाखाली." "शहाणा माझा." औषधांनी जीभ जड झाली, माणसं ओळखायला वेळ लागायला लागला, पण हे विचारायची राहिली नाही. मी त्या ‘शहाणा माझा’साठी तो चढ चढत होतो, पैशांसाठी नाही, देवाशपथ.

आणि त्या दिवशीही तसाच निघालो होतो. कोणाचा फोन नाही, काही नाही, साधा मंगळवार. अर्ध्या चढावर एका घराच्या फाटकाशी खोका ठेवला होता, ‘हवी तेवढी न्या’ असं लिहून. आमच्याकडे झाडाला फळ फार झालं की लोक ठेवतात असं. खोक्यात लिंबं. ब्रॉनला तेव्हा दुसरं काही जात नव्हतं, लिंबू पिळलेलं पाणी मात्र कापसाने ओठांना लावलं की डोळे मिटून चाखायची. मी थांबलो. नुसतं उचलून चालू लागावं ना, पण नाही. मी वाकून निवडत बसलो. पातळ सालीची, रसाची, वास घेऊन, दाबून बघून. फुकटात इतकी सुंदर लिंबं, ती किती खूष होईल, ह्याचाच विचार करत होतो. मी तिथे उन्हात उभा राहून आनंदात होतो, हे मला सहन होत नाही. कोटाचे दोन्ही खिसे फुगवून वर पोचलो तर पडदा ओढलेला. नर्स म्हणाली, "अहो, आत्ताच हो. तुम्हालाच फोन लावत होते." हात कोमट होता. नर्स भली बाई, काहीतरी चांगलं सांगावं म्हणून म्हणाली, "शेवटी दाराकडे बघत होत्या. मी म्हटलं, येतीलच ते. तर म्हणाल्या, गाडी लावत असेल तो. आणि हसल्या." ती हसली होती. मी सात जन्म घेतले तरी ह्या वाक्याचं काय करायचं ते मला कळणार नाही. चिडायचं म्हटलं तर चिडू कोणावर, पाटीवर, झाडावर? की ज्या बाईने ती जागा शोधली तिच्यावर? तिच्यावर मला चिडता येत नाही. ती लिंबं अजून खिडकीत आहेत, दगडासारखी झालीत.

"ए लीथ, झोपलास का? तुझा टक्का?" तुआनने कोपराने ढोसलं.

"एक्क्याऐंशी," मी म्हटलं.

तुआनने लांबलचक शिट्टी मारली. "काय सांगतोस! एक्क्याऐंशी? घर विकून तंबूत राहायला गेलात का?" ग्लेनिसने चिमटा शेगडीवर आपटून वाजवला. सगळे टाळ्या वाजवत होते, अगदी मनापासून, इमोजेनसुद्धा. आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. ब्रॉनसाठी वाजत होत्या त्या. तिने आठ वर्षं वाट बघितलेल्या टाळ्या. मंडळाचा एक जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, ज्याचा टक्का सगळ्यात वर त्याने तो घरी न्यायचा आणि पुढच्या खेपेला काहीतरी घरचं भरून आणायचा. ग्लेनिसने तो माझ्या मांडीवर ठेवला. मागे एकदा आमच्याकडे आला होता तेव्हा ब्रॉनने ओटमीलची बिस्किटं भरून दिली होती, कडा जरा करपलेली. झाकणावरचा पोचा अजून तसाच होता.

"आता युक्ती," ग्लेनिस म्हणाली. "इमोजेन, तू नवीन आहेस म्हणून सांगते. वरच्या माणसाने एक युक्ती सांगायची, खालच्याने ती महिनाभर पाळायची. कुरकुर चालणार नाही. ह्या महिन्यात तळाला तूच आहेस, पोरी."

"पाळीन की," इमोजेन म्हणाली आणि पेन काढून हाताच्या पंज्यावर टेकवून तयार झाली. सगळे माझ्याकडे बघत होते.

काय सांगणार होतो मी? स्टाव्हरूलाबाईंचे डबे सांगू, शिल्लक सुट्ट्या सांगू, की तिचा देह फुकट नेणारी विद्यापीठाची गाडी?  डोक्यात एकच गोष्ट होती, तीच बाहेर आली. "त्या हॉस्पिटलच्या मागे," मी म्हटलं, "टेकडीच्या पलीकडच्या अंगाला एक गल्ली आहे. शेवटचं घर संपलं की जॅकरांडा. तिथे पैसे पडत नाहीत. दिवसभर लाव. ब्रॉनने शोधून काढलंय."

"वा रे ब्रॉन!" ग्लेनिस म्हणाली.

"बाई आहे का चेटकीण!" तुआन म्हणाला. "ती गल्ली मला इतक्या वर्षांत ठाऊक नाही."

हेच मला ऐकायचं होतं. ह्याच्यासाठीच मी ते बोललो असणार. कोणीतरी ब्रॉनला जिवंत माणसाला म्हणतात तसं काहीतरी म्हणावं, एवढंच. इमोजेन हातावर लिहीत होती, ‘मागची गल्ली, जॅकरांडा’. तिचा चेहरा एकदम उजळला होता. "देवासारखे भेटलात तुम्ही लोक," असं म्हणून ती उठलीच. "मी आता तिकडेच निघालेय. सकाळी जायला जमलं नाही, पोरांचे वर्ग होते. बाबा दाराकडे डोळे लावून बसले असतील. आजच बघते ती जागा." ओले केस मागे सारून ती चालायला लागली. गवतावरून, मोटारीकडे, भराभर.

मी उठलो तसा डबा खाली पडला आणि झाकण घरंगळत गेलं. "नको," मी ओरडलो. एवढ्या मोठ्याने की शेजारच्या टेबलावरची पोरंही गप्प झाली. "इमोजेन, नको. तिथे लावू नकोस."

ती वळली. "का? दंड करतात का?"

"नाही गं. दंड नाही." मी धावत तिच्यापर्यंत गेलो. धाप लागली होती. "चढ आहे तिथून. चढायला वेळ लागतो. वाटेत लिंबं असतात." ती माझ्याकडे वेड लागलेल्या माणसाकडे बघावं तशी बघत होती, आणि मला कळलं की आता बोलल्याशिवाय सुटका नाही, आणि बोललो की ब्रॉन त्या पातेल्यासमोरूनही जाणार. "मी तिथेच लावली होती गाडी," मी म्हटलं. "चालत वर गेलो. तोवर ब्रॉन गेली. माझी बायको. माझी वाट बघत होती आणि मी गाडी लावत होतो."

मागे ग्लेनिसच्या हातातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. "लीथ," ती म्हणाली, "अरे, मघाशी तू म्हणालास कामावर..."

"नाहीये ती कामावर, ग्लेनिस. कुठेच नाहीये."

इमोजेनच्या डोळ्यांत पाणी भरलं. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मला तिचं सांत्वन नको होतं, तिने निघायला हवं होतं. मी पाकीट काढलं. त्यात होत्या नव्हत्या तेवढ्या नोटा तिच्या हातात कोंबल्या, ज्या हातावर ते लिहिलेलं होतं त्याच हातात. ती नको नको म्हणायला लागली. "घे म्हणतो ना!" मी अंगावर गेलो तिच्या. "दारात लाव. दाराला चिकटून लाव. पैसे भर आणि पळत जा. रोज. ऐकतेस का? रोज दारात."

ती पळत सुटली. गाडी रस्त्याला लागेपर्यंत मी तिथेच उभा होतो. मग तुआनने येऊन माझा दंड धरला आणि मला बाकावर नेऊन बसवलं. स्वतःचा कोट काढून त्याने माझ्या खांद्यांवर टाकला. ग्लेनिसने शेगडी बंद केली, झाकण शोधून डब्यावर बसवलं आणि माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन टेकली. "एवढे दिवस एकटा होतास तू?" तिने विचारलं. मी मान हलवली. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, मोठ्या बहिणीने फिरवावा तसा, आणि मी नदीकडे बघत मोठमोठ्याने रडत होतो आणि मला कोणाची लाज वाटत नव्हती. बाकीचे लोक आपापले डबे आवरून, हळूच खांद्याला हात लावून गेले. ऊन उतरलं. आम्ही तिघं बसून होतो. मला घरी जायचं नव्हतं. मला फक्त एक गोष्ट कळायला हवी होती, आणि ती कोणाला विचारायचा मला धीर होत नव्हता.

ग्लेनिसचा फोन वाजला. तिने चष्मा लावला, पडदा लांब धरला. "इमोजेनचा मेसेज आहे," ती म्हणाली, आणि वाचून दाखवलं. "दारातच लावली. बाबा जागे आहेत. जेली बेचव आहे म्हणून नर्सशी भांडतायत."

"परत वाच," मी म्हटलं.

तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि परत वाचलं.